तात्यांची विहीर आणि काळी गाडी

तीस वर्षं मी लोकांच्या गाड्या चमकवल्या, पण माझ्या स्वतःच्या दारापर्यंत आजवर एकही चारचाकी आलेली नाही. येणारच कशी? कसबा पेठेतल्या आमच्या बोळात समोरून सायकल आली तर दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहावं लागतं, आणि पायरीचा मालक आतून विचारतो, "काही काम होतं का?" त्यामुळे गिऱ्हाइकाने गाडी घेऊन माझ्याकडे यायचं हा प्रकार माझ्या धंद्यात नव्हताच. मीच स्कूटरच्या मागे पेटी बांधून गाड्यांकडे जायचो.

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना मी सरळ सांगितलं, की माझ्याकडे दुकान नाही, पाटी नाही, कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, अनुभव तर असतील ना. अनुभव आहेत हो, पण सगळे डागांचे. बाई म्हणाल्या, चालेल, फक्त वाचकांना कळेल असं लिहा आणि उपयोगी पडेल असंही काहीतरी सांगा. तर उपयोगी आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते फराळाला मोकळे.

आमचं घर तांबटाचं. वडील हंडे-घंगाळी ठोकायचे. हंड्याच्या काठावर पाण्याचा पांढरा थर धरला की आई त्याला चिंचेचा कोळ फासून ठेवायची आणि जरा वेळाने पुसून घ्यायची. आंबटाने तो थर सुटतो, एवढं शास्त्र मला लहानपणापासून येत होतं आणि पुढे आयुष्यभर तेच पुरलं. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर आमचा धंदा बसला, मी एका गॅरेजच्या रंगखात्यात लागलो. तोवर पुण्यात गाड्या म्हणजे दोन-तीन प्रकारच्या, रंग बहुतेक पांढरा, आणि मालक ती दसऱ्याला धुवायचा. नव्वदीनंतर सगळं बदललं. लाल, निळ्या, काळ्याभोर गाड्या आल्या आणि त्यांच्या रंगावर एक पारदर्शक कवच आलं. त्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो. दिसायला झकास, पण जपायला नाजूक प्रकरण. मी गॅरेज सोडलं आणि घरोघरी जाऊन पॉलिशचं काम धरलं.

आता पाण्याचा डाग म्हणजे काय ते ऐका. पाणी उडून जातं, आणि त्यात विरघळलेला चुना, क्षार वगैरे जे असेल ते जागेवर बसतं. थेंब जेवढा, तेवढं पांढरं कडं. डाग कालचा असेल तर ओल्या फडक्याने निघतो. आठवड्याचा असेल तर किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर घ्यायचं, त्यात तेवढंच बॅटरीत घालायचं पाणी मिसळायचं, कापड भिजवून दोन मिनिटं डागावर ठेवायचं, मग स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करायचं. पण महिना महिना उन्हात भाजलेला डाग कवचात उतरतो. बोट फिरवलं की खळगा लागतो. तिथे पॉलिश लावून कवचच थोडं घासून काढावं लागतं. आणि कवच असतं कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. ते घासणार तरी किती वेळा?

हे सगळं होऊच नये म्हणून काय करायचं, तर गाडी उन्हात धुवायची नाही. धुतली की वाळायची वाट बघायची नाही, मऊ कापडाने पुसायची. दोन-तीन महिन्यांनी वॅक्सचा हात द्यायचा, म्हणजे थेंब बसत नाही, घसरून जातो. संपलं. एवढ्यासाठी मला बोलवायची गरज नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. एकानेही ऐकलं नाही, म्हणून माझं घर चाललं.

लोणी काळभोरला एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गाडी कॉलेजच्या आवारात उघड्यावर उभी असायची. त्यांनी मला चहा देऊन अर्धा तास क्षार आणि आम्ल यांची अभिक्रिया समजावून सांगितली, कागदावर लिहूनसुद्धा दाखवली. मी विचारलं, सर, मग गाडीच्या टपावर हा भारताचा नकाशा कसा उमटला? तेव्हा कळलं की व्हिनेगर सौम्य असतं म्हणून सरांनी न्हाणीघर धुवायचं आम्ल पाणी न घालता तसंच ओतलं होतं. अभिक्रिया फार छान झाली होती. टप मात्र नव्याने रंगवावा लागला.

दुसरे एक आयटीतले साहेब, अमरावतीकडचे, स्वभावाने अगदी गरीब. हडपसरच्या पुढे नव्या सोसायटीत राहायला आलेले. त्यांना गाडी लावायची जागा मिळाली ती बरोब्बर हिरवळीच्या कडेला. पहाटे हिरवळीवर फवारे सुटायचे आणि गाडीची डावी बाजू बोअरच्या पाण्याने आंघोळ करायची. कमिटीला त्यांनी अर्ज केला. कमिटीने कळवलं की हिरवळ ही सर्वांची आहे, गाडी आपली एकट्याची आहे. मी तिसऱ्यांदा डाग काढायला गेलो तेव्हा वैतागून म्हणालो, "असं करा साहेब, एक दिवस गाडी सुलटी लावा, एक दिवस उलटी. दोन्ही बाजू सारख्या तरी दिसतील." हे मी बोललो आणि विसरलो. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. म्हणाले, काका, तुमची आयडिया एकदम परफेक्ट आहे, आता दोन्ही बाजू मॅच होतात.

घरी येऊन मी हे शैलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं तेव्हा मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "अहो, पुण्याबाहेरच्या माणसांशी बोलताना जरा जिभेला आवरत जा. ती माणसं तुमचं बोलणं खरं धरतात." मी म्हटलं, ती त्यांची चूक. तेव्हा मला माझ्या जिभेचं मोठं कौतुक होतं. पेठेत वाढलेल्या माणसाला असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला हडपसरजवळच्या मांजरीहून संजयचा फोन आला. संजय म्हणजे तिथल्या एका शेतकरी घरातला मुलगा, पस्तिशीचा, बोलायला गोड. जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरला दिलेला, तिथे इमारती उठत होत्या, आणि उरलेल्या जागेत यांनी नवा बंगला बांधला होता. गाडी घेतली होती ती काळीकुळकुळीत आणि लांबलचक. फोनवर म्हणाला, "काका, गाडीवर सगळं पांढरं पांढरं झालंय. तात्या कुणाचं ऐकंनात. तुम्ही एकदा बघून जावा."

गेलो. बंगल्याला चांगलं ऐसपैस पोर्च होतं, पण तिथे खताची पोती आणि जुना नांगर. गाडी बाहेर, अंगणाच्या मध्यावर, रस्त्याकडे तोंड करून उभी. मी म्हटलं, आत का नाही लावत? संजयचे वडील, म्हणजे तात्या, खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. म्हणाले, "आत लावून कुणाला दिसंल?"

गाडी बघितली तर वरपासून खालपर्यंत खसखस लावलेल्या अनारशासारखी. मी विचारलं, धुतं कोण? तात्या अभिमानाने म्हणाले, मी. रोज. बंगल्यामागे त्यांची विहीर होती, दगडी बांधणीची. दुपारी जेवण झालं की तात्या मोटर चालू करायचे, पाइपाने गाडीला घसाघसा अंघोळ घालायचे आणि तिला तशीच उन्हात उभी करून स्वतः वामकुक्षीला जायचे. मी विचारलं, पुसत का नाही? तर त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाले, "बैल धुतल्यावर पुसतंय व्हय कुणी? उन्हात हुबा केला की वाळतो त्यो."

मला हसू आवरेना. चाळीस वर्षं या माणसाने त्याच विहिरीवर बैल धुतले होते. आता शेत गेलं, बैल गेले, दावणीच्या जागी ही काळी गाडी आली, तर तिलाही तोच नेम. त्यात त्यांचा जीव होता, हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण मी डाग मोजत होतो.

दोन दिवस काम चाललं. गाडी आधी कडुनिंबाच्या सावलीत घेतली, मग व्हिनेगर, मग जिथे खळगे होते तिथे पॉलिश. तात्या खुर्ची सरकवत सरकवत माझ्याबरोबर सावलीत फिरत होते आणि त्यांना बोलायला माणूस हवाच होता. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. खाली खडक लागला तेव्हा सुरुंग लावून फोडला. दुष्काळाच्या सालीसुद्धा ती आटली नव्हती आणि अर्ध्या गावाने तिचं पाणी भरलं होतं. तात्यांच्या थोरल्या बहीण, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्याही तिथेच राहायच्या. कमरेत वाकलेल्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी मला त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणून दिला. खरं सांगतो, पाणी गोड होतं. मी दोन तांबे प्यायलो.

निघताना तात्यांना हात जोडून सांगितलं, की संध्याकाळी धुवा, सावलीत धुवा आणि लगेच पुसा. मऊ सुती पंचासुद्धा देऊन आलो. ते व्हय व्हय म्हणाले. तीन आठवड्यांनी संजयचा फोन. जाऊन बघतो तर पुन्हा अनारसा. पंचा तात्यांच्या डोक्याला गुंडाळलेला होता.

मी पुन्हा डाग काढले. ऊन मी म्हणत होतं, पाठ दुखत होती, आणि कवच एका जागी इतकं पातळ झालं होतं की आणखी एकदा घासलं तर रंग उघडा पडला असता. कारागिराला आपलं काम असं मातीत जाताना बघवत नाही. संजय शेजारी उभा होता, शेजारपाजारचे दोघे-चौघे बघे होते, आणि तात्या खुर्चीत. संजयने विचारलं, "मग काका, ह्याच्यावर कायमचा उपाय काय?"

मी हात पुसत म्हणालो, "उपाय एकच. विहीर बुजवा. ना पाणी, ना डाग."

बघे हसले. संजय हसला नाही. तात्याही हसले नाहीत, पण ते मी पाहिलंच नाही. पेटी बांधली, स्कूटरला किक मारली, आणि घरी येऊन शैलाला ते वाक्य अगदी जसंच्या तसं ऐकवलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, की त्यांनी विहीर बुजवली तर?

पुढच्या आठवड्यात संजयचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. म्हणाला, गुरुवारी विहीर बुजवतोय, मुरुमाचे डंपर सांगितलेत, आता गाडीला टँकरचं पाणी. तुम्ही बोललात म्हणून तात्यांनी ऐकलं, नाहीतर ते कधी ऐकले नसते. जाता जाता हेही म्हणाला, की तात्या चार दिवस झाले कुणाशी बोलत नाहीत, पण होईल हळूहळू.

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. शैला म्हणाली, आता बसू नका, जा आणि निस्तरून या. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मला आयुष्यात स्वतःच्या एखाद्या वाक्याची एवढी लाज वाटली नव्हती. पाण्याचा काही दोष नव्हता. दोष वाळवण्याचा होता, आणि ते तर मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. चार माणसं हसावीत म्हणून मी एका भरल्या विहिरीला जिवानिशी घालवायला निघालो होतो.

बुधवारी सकाळीच मांजरी गाठली. संजयला बाजूला घेऊन म्हणालो, बाबा रे, ते मी चिडून बोललो, असं कुठे असतं का, पुसलं की डाग पडत नाहीत. त्याने खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "काका, गाडीचं काही नाही हो. रस्ता जायचाय तिथनं. इमारतींचा. नकाशा कधीच मंजूर झालाय." त्याला तात्यांना हे सांगायचा धीर होत नव्हता. तात्या डंपरच्या पुढे आडवे पडतील अशी भीती होती. वर्षभर तो कारण शोधत होता आणि माझं वाक्य त्याच्या हातात आयतं पडलं. पोरगा वाईट नव्हता. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे मी धावत आलो होतो ते विहीर वाचवायला, आणि ती वाचणार नव्हतीच. मी तसाच परत फिरलो असतो, पण तात्यांनी मागून हाक मारली. ते विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी शेजारी बसलो, माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मिस्त्री, रस्त्याचं मला ठावं हाय," ते म्हणाले. "मला सातवीपतुर शाळा हाय. बिल्डरचा कागद वाचूनच सही केली मी. पोराला वाटतंय, म्हाताऱ्यानं न वाचता केली. वाटू द्या."

मी विचारलं, मग चार दिवस अबोला कशासाठी?

तात्यांनी विहिरीत बघितलं. मग म्हणाले, "हीर जायची ती जाणार. पर गावात बोलत्यात, तात्याच्या हिरीचं पाणी नासलं म्हणून बुजवली. पुण्याचा मिस्त्री बोलला म्हणत्यात. अर्ध्या गावानं पेलंय हे पाणी. जाताना तिला नाव ठिवून नका घालवू. उद्या भावकी जमंल, तवा तेवढं चौघांत सांगा. मला बाकी काय नगं."

मी हो म्हणालो. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळत होता. पाणी चांगलं आहे असं नुसतं म्हणून चालणार नव्हतं, कारण ते पाणी जड होतं, त्यात चुना भरपूर होता, आणि मी डागांचा धंदा करणारा माणूस. वेळ मारून नेण्यासाठी मी कधी खोटं सांगितलं नाही. चांगली नसलेल्या गाडीला कधी चांगलं म्हणालो नाही. आणि इथे तर गाडी नव्हती, विहीर होती.

गुरुवारी मी लवकर पोचलो. मुरुमाचा डंपर रस्त्यावर उभा होता, ड्रायव्हर तंबाखू मळत होता. भावकीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. अक्का नवं लुगडं नेसून विहिरीची ओटी भरायला नारळ, खण आणि तांदूळ घेऊन आल्या होत्या. तात्या खुर्चीत. संजय एका कडेला.

मी गाडी अर्धी सावलीत, अर्धी उन्हात उभी करायला लावली. शेजारच्या सोसायटीतून एक बादली टँकरचं पाणी मागवलं, दुसरी बादली विहिरीची. बॉनेटचा डावा अर्धा भाग सावलीत होता, तो विहिरीच्या पाण्याने धुतला आणि लगोलग कोरडा पुसला. उजव्या भागावर उन्हात टँकरचं पाणी शिंपडलं आणि तसंच सोडून दिलं. मग सगळ्यांना म्हटलं, जरा दम धरा. माणसं कंटाळली, कुणी चहा मागवला. पाणी वाळायला वेळ लागला नाही. उजवा भाग पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. डाव्या भागात माणसांची तोंडं दिसत होती.

एक जण म्हणाला, हे काय, तिकडं पुसलं आन् हिकडं न्हाय पुसलं, मग डाग पडणारच की. मी म्हटलं, "हेच सांगायला आलोय. पुसलं नाही तर डाग पडणारच. विहिरीचं असो, टँकरचं असो. मी मागच्या आठवड्यात विहिरीला बोललो, ते चुकीचं बोललो. चिडून बोललो."

मी पुढे म्हणालो, "ह्या पाण्यात चुना आहे, ते मी नाही म्हणत नाही. तो ह्या जमिनीचा आहे, खडकाचा आहे. ज्याचा डाग कधीच पडत नाही असं पाणी माझ्या पेटीत आहे. बॅटरीत घालतात ते. त्यावर ऊस येत नाही, आणि पाहुण्याला ते कुणी प्यायला देत नाही. मी इथलं पाणी दोन तांबे प्यायलोय. गोड आहे. ह्या विहिरीत खोट नाही."

म्हातारी माणसं माना हलवायला लागली. कुणी म्हणालं, आमची आई लग्न होऊन आली तवा पयला हंडा हितनंच भरला व्हता. दुसरा म्हणाला, दुष्काळात रांग लागायची. तात्या खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा इतका उजळला होता की मला बरं वाटलं. मी माझं काम नीट केलं होतं. आणि मग अक्का पुढे आल्या.

नारळ हातातच होता. त्यांना रस्त्याचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी संजयकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी भावाकडे वळून साधं विचारलं, "पाणी गोड हाय, हिरीत खोट न्हाय, तर मग बुजवताय कशापायी?"

संजय मान खाली घालून उभा. आता मला उमजलं की मी काय केलंय. खराब पाण्याचं एक कारण होतं, ते निदान सगळ्यांना आडोशाला होतं. त्यामागे लेकाला उभं राहता येत होतं आणि बापालाही. तेच मी पुसून टाकलं होतं, चांगलं लख्ख. आणि तात्यांना हे कालपासून कळलेलं असणार. कळून त्यांनी मला बोलावलं होतं.

तात्या खुर्चीतून उठले. टोपी नीट केली. म्हणाले, "रस्ता जायचाय, अक्का. सही माझी हाय. पोराची न्हाय, माझी."

संजयने झटकन वर बघितलं. अक्कांनी एकदा भावाकडे बघितलं. विहिरीपाशी गेल्या, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ, खण आणि नारळ आत सोडला, आणि तशाच वाकलेल्या घरात निघून गेल्या. संजय वडिलांच्या शेजारी येऊन उभा राहिला. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आधाराला ठेवला की आधार द्यायला, ते मला सांगता येणार नाही.

ड्रायव्हरने डंपर चालू केला. मागे घ्यायला लागला तेवढ्यात तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मला वाटलं, आता हे आडवे पडणार. पण ते माझ्याकडे वळले.

"मिस्त्री, त्या अर्ध्यावर टँकरचं डाग तसंच हायत. तेवढं धुऊन घ्या. पाणी हाय तवर."

संजयने पोहऱ्याने पाणी शेंदलं. मी गाडी पूर्ण सावलीत घ्यायला लावली, ठिपक्यांवर व्हिनेगरचं कापड ठेवलं, दोन मिनिटं थांबलो, आणि विहिरीचं पाणी वरून सोडलं. मी पेटीतून पंचा काढला तर तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला. धोतर वर खोचलं आणि वाकून पुसायला लागले. बॉनेट, मग काच, मग दारं, मग काही गरज नसताना सगळी गाडी. डंपर धडधडत उभा होता, भावकी बघत होती, आणि त्यांनी त्या पाण्याचा एक थेंबही वाळू दिला नाही.